उंचीची दुरुस्ती

पहाटे साडेपाचला मी काचेचा घुमट पुसते.
वाटीएवढा. पालथा.
रात्रभर त्यावर मीठ बसतं.
पुसायला गोडं पाणी लागतं,
आणि तारावा बेटावर गोडं पाणी
सख्ख्या बहिणींत भांडण लावतं.
म्हणून घरच्या बाटलीतलं घोटभर आणते.
त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

घुमट मोजतो, आकाश किती ऊब आम्हाला परत देतं.
वरून एक उपग्रह मोजायचा,
किती ऊब आम्हाला सोडून कायमची गेली.
पंधरा वर्षं आम्ही दोघं
एकाच जमाखर्चाच्या दोन वह्या लिहीत होतो.
तोंडओळख नाही.

वडिलांना, रुतिओंना, हे पटायचं नाही.
ऊब जाते म्हणजे कुठे जाते?
चूल विझली की विझली.
मी म्हणायचे, जाते. वाळू देते,
खोबऱ्याच्या शेडचे पत्रे देतात,
तुमची उघडी पाठसुद्धा रात्री अंधाराला देते.
ते पाठ खाजवत म्हणायचे,
अंधाराला काय कमी आहे?

मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं.
छापील, तीन परिच्छेदांचं:
वर्षागणिक जी जास्त ऊब निघताना दिसत होती
तिच्यातली बरीचशी खरी नव्हती.
उपग्रहच घसरत होता.
जिला हवा म्हणायचीही लाज वाटावी
इतक्या विरळ हवेनं
त्याला खाली ओढलं, काही मैल, कुणाला न कळता.
पृथ्वी जवळ आली
म्हणून अधिक तापलेली वाटली.
आकडे बदलून घ्यावेत.

मी ते उभ्यानंच वाचलं.
आणि कायेवाच्या तापाची रात्र आठवली.
थर्मामीटर फुटलेला, बोट तीन दिवसांनी.
आधी नुसता तळवा धरत होते कपाळापासून वीतभर,
मग बोटं टेकवली,
पहाटे डोळा लागला तेव्हा गालाला गाल होता.
दचकून ओरडले, ताप वाढला!
सासूनं मला खांद्याला धरून मागे ओढलं.
म्हणाली, ताप होता तेवढाच आहे.
तू जवळ सरकलीस.

पण तेवढाच, म्हणजे होताच की.

पत्रात अगदी खाली, सहीच्या वर, एक ओळ होती:
दुरुस्तीनंतरही थोडा बदल शिल्लक राहतो.
चौरस मीटरमागे वॉटचाही तुकडा.
चटईएवढ्या जागेतून
काजव्याइतकं काहीतरी.
पण चटया किती अंथरल्यात, इथून पार आफ्रिकेपर्यंत,
ते कोण मोजणार?

आणि मला ते कोमट पाण्याचं वर्ष विसरता येत नाही.
ढग आले ते महिनोन्‌महिने हललेच नाहीत.
विटक्या कपड्यांना बुरशी, पावाला बुरशी,
माणसं एकमेकांचा स्पर्श टाळून झोपायची.
वरून मात्र फक्त ढगांचे माथे दिसत होते,
बर्फाचे.
त्या वर्षीच्या नकाशात आमचा समुद्र निळाशार रंगवलाय.
गार.
मी तो नकाशा वडिलांना दाखवला होता.
ते खूप हसले, मग खोकले,
मग म्हणाले, त्याला म्हणावं एकदा जेवायला ये.

आता तोही नाही, वडीलही नाहीत.
नवा उपग्रह आपली उंची सांभाळतो म्हणतात.

पत्रासोबत एक फॉर्म होता.
प्रश्न सहावा:
आपल्या उपकरणाची उंची या काळात बदलली आहे का?
मी 'नाही' लिहिलं. खोडलं.
बाहेर जाऊन चौथऱ्याचे ठोकळे मोजले.
सहा वर्षांपूर्वी भरती स्टँडच्या पायाला लागली
तेव्हा एक ठोकळा.
गेल्या फेब्रुवारीत आणखी एक.

तो तिकडून खाली येत होता, आम्ही इकडून वर,
मधे कुणी कुणाला हाक मारली नाही.

'होय' लिहिलं. दोन ठोकळे.
कारण या रकान्यात जागा दीड इंच.
बाटलीत तळाशी घोटभर उरलं होतं,
ते प्यायले,
आणि मग त्या दीड इंचात
समुद्र, असं लिहिलं.