तुपल्यासारखी

टॅबलेट आला तेव्हा त्याच्या पाठीवर
जिल्हा परिषदेचं लाल स्टिकर होतं, आणि आत
कुणीतरी, जो दर रुग्णाखाली एकच वाक्य म्हणायचा:
‘यांच्यासारख्या रुग्णांना पुढील गोष्टी उपयोगी पडल्या.’

जिंतूर तालुक्यातल्या शेवटच्या उपकेंद्राची मी नर्स.
हसले. यांच्यासारखं कोण असतं?
सत्यभामा लिपणे, साखर तीनशे दहा,
डाव्या तळव्याला चीर, टाच दोन वर्षं बधिर.
तिला पहिल्या दिवशी सुचवलं गेलं:
ओट्स, मऊ तळाचे बूट, पोहणे.
पोहणे!
आमच्या नळाला नवव्या दिवशी पाणी येतं.

खाली बटण होतं, ‘उपयोगी नाही’. दाबलं.
त्यानं कारण विचारलं. लिहिलं.
ज्वारीची भाकर लिहिली,
परभणीची सकाळची एसटी बंद झाली ते लिहिलं,
नणंद हसते म्हणून ही घरात चप्पल घालत नाही, लिहिलं.
जिंतूरहून डॉक्टर जहागीरदार लिहायचे,
औषधांच्या खोलीतून फय्याज,
व्यायाम शिकवणारी पोरगी फक्त शनिवारी, घाईत, चुकांसकट.
आम्ही चौघं एका खोलीत कधी बसलो नाही.
तो बसला चौघांजवळ.

शिकत गेला. कुणावरनं, तेही मला माहीत आहे.
निवृत्ती खंदारे, वय चौपन्न.
भाचीच्या लग्नापर्यंत जखम मोज्यात झाकून ठेवली,
नांदेडला पाय घोट्याच्या वर काढला.
कुणाची टाच काळवंडली की आता स्क्रीन लाल होते,
ते लाल निवृत्तीचं.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
त्याच्या दारावरून जाताना मी स्कूटी हळू करते,
इतकंच.

मग फाल्गुनात एका मंगळवारी
सत्यभामाच्या नावाखाली गोळी आली नाही, पथ्य आलं नाही.
आलं एक नाव.
खुर्शीदबी, तीन वर्षांनी मोठी, तोच पाय,
जखम भरलेली.
‘भेट घडवावी.’

हातपंपावरच्या भांडणापासून
या दोघींत अबोला, हे यंत्राला कुठून माहीत!
कारण लिहायला मी बोट उचललं
आणि तसंच खाली घेतलं.
सत्यभामाला म्हटलं, ‘चल, तुपल्यासारखी एक हाय.’
‘कोण?’
‘चल तर.’

आता उन्हं कलली की पत्र्याच्या शेडखाली
खुर्शीदबी पदरानं चष्मा पुसते,
‘दाव, तुपला पाय दाव.’
सत्यभामा पाय तिच्या मांडीवर टाकते,
मग तिचा हिच्या मांडीवर.
भांडतात अजून, पंपावरनंच,
कुणाची घागर आधी होती.
पण बोट थांबत नाही,
टाचेवरनं, बेचक्यांतून, नखाच्या कडेनं,
आपला आपल्याला न दिसणारा सगळा मुलूख.

रात्री टॅबलेट विचारतो, सूचना उपयोगी पडली का?
‘हो’ दाबते.
आणखी काही सांगायचं आहे?
चौकट छोटी आहे. लिहिते:
खुर्शीदबीच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा,
लवकर.