सायरन काढलेली गाडी

लिलावात बावन्न हजारांना घेतली
तेव्हा स्टँडवरचे हसले :
सुपडूनानानं स्वतःचीच गाडी विकत घेतली.

एकोणीस वर्षं हीच चालवली.
थाळनेर ते धुळे, धुळे ते थाळनेर,
आणि मागे कुणाचा तरी श्वास,
सलाईनच्या बाटलीसारखा हेलकावणारा.

आता स्ट्रेचरच्या जागी मंजुळेनं गादी शिवलीय.
ऑक्सिजनच्या कोनाड्यात कळण्याच्या पिठाचा डबा.
सलाईनच्या हुकाला लसणाची जुडी.
लाल पट्टी मी खरवडून काढली,
तरी आरशासाठी लिहिलेली उलटी अक्षरं
तिरप्या उन्हात वर येतातच,
आणि कपाशीतून कुणीतरी हाक घालतं,
"आत कोन शे? जास्त शे का?"
मंजुळा खिडकीतून डोकं काढते :
"कोनी आजारी नई, बाप्पा. हिंडाले जातस."
त्या माणसाला ते पटत नाही.
बांधावरून तो हात जोडतोच.

एका औषध कंपनीच्या कॅलेंडरवर
इटलीतलं कुठलंसं पडकं नाट्यगृह होतं,
पायऱ्या पायऱ्या, आणि खाली एक पांढरी घरगाडी,
दारात खुर्ची टाकून चहा पिणारी दोन म्हातारी माणसं.
बारा महिने संपले, कॅलेंडर गेलं,
ती खुर्ची मी कापून काचेवर चिकटवली.

म्हणून पहिला मुक्काम थाळनेर.
सुलतानांच्या कबरींचे ते घुमट
मी हजारदा पाहिले होते,
दर वेळी सहा सेकंद, डाव्या काचेत.
दगडावर एवढी नक्षी आहे
हे ऐंशीच्या वेगात कसं कळणार?
भिंतीला हात लावला
आणि बोटं सवयीनं नाडी शोधू लागली.
"लागते का?" मंजुळेनं विचारलं.
म्हटलं, ऊन आहे अजून.

खाली तापी.
याच वळणावर एकदा
पिंपळाखाली गाडी थांबवावी लागली होती,
घाई संपली होती म्हणून.
ते मी तिला सांगितलं नाही.
तिनं चहात आलं जास्त ठेचलं.

मग बळसाणे.
देवळं अशी उभी,
जणू कारागीर डबा खायला गेलेत.
छत गेलेलं, खांब जाग्यावर,
एका चौकटीतून दिसणारी बाभूळ
आणि तिच्याखाली निवांत रवंथ करणारी म्हैस.
मंजुळेनं चुलीसाठी तीन दगड उचलले,
एकावर अर्धी पाकळी कोरलेली दिसली,
तो जिथला तिथे, त्याच कुशीवर ठेवून आली.
मग स्टोव्हच काढला.
भाकरी तव्यावर फुगत होती, एवढ्यात
अंधारातून सायकल आली.
पोऱ्या बारा-तेरा वर्षांचा, नाव म्हणे रोहिदास.
बहिणीच्या कळा. फोन करून करून थकले.
त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही,
गाडीच्या कपाळाकडे बोट केलं :
"लिखेल शे ना वर!"

गादी बाहेर, पिठाचा डबा बाहेर,
हुकाला पुन्हा बाटली, साध्या पाण्याची, तिला प्यायला.
सायरन नव्हता.
मंजुळा मागे तिचा हात धरून,
आणि रोहिदास पुढे माझ्याजवळ,
खिडकीतून तोंड काढून
दोंडाईचापर्यंत स्वतःच ओरडत.
ट्रकवाले बाजूला झाले. खरंच झाले.

मुलगी झाली. पावणेदोन किलो.
नर्स म्हणाली, कोणत्या केंद्राची गाडी?
मी सांगितलं, कोणत्याच नाही.
तिनं रजिस्टरमध्ये ते तसंच लिहिलं.

सामान आणायला सकाळी परत गेलो.
गादीवर कुत्र्यानं मुक्काम केलेला,
भाकरी खारींनी नेलेली,
पिठाच्या डब्याला मुंग्यांची वारुळापर्यंत रांग.
आणि तवा, घाईत मंजुळेनं
हाती लागला त्या दगडावर ठेवलेला,
त्या अर्ध्या पाकळीवर नेमका, काळा, थंड.

तिनं तो उचलला.
खाली गोल डाग पडला होता.
पदरानं पुसला, जात नव्हता.
"राहू दे," मी म्हटलं,
"हजार वर्षांत कुणी ना कुणी स्वयंपाक केलाच असेल."
ती तरी पुसतच राहिली.

मी खुर्ची मांडली. दारात.
चहा व्हायचा होता.