टेबल क्रमांक सतरा

बँगोरच्या स्पोर्ट्स हॉलमध्ये
बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेषेवर माझं टेबल.
डावीकडे कयाक क्लब, उजवीकडे फुकट पिझ्झा.
गळ्यात निळी फीत: नेरिस, विद्यार्थी दूत,
मानसशास्त्र मंडळ.
दूत म्हटल्यावर एखादा खलिता तरी असावा.
माझ्याकडे चारशे पेनं
आणि सदस्यत्वाचे अर्ज,
एका बाजूला वेल्श, पाठीमागे इंग्रजी.

"म्हणजे तू मनातलं ओळखतेस?"
दुपारपर्यंत एकोणीस जणांनी विचारलं.

विसाव्याने काहीच विचारलं नाही.
बुटांना शेतातला चिखल.
पेन घेतलं, ठेवलं, पुन्हा घेतलं.
मग शेजारच्या वल्ह्यांकडे बघत म्हणाला,
"भाऊ बोलत नाही. मार्चपासून."

आम्हाला शिकवलं होतं:
सल्ला द्यायचा नाही, नंबर द्यायचा.
दिला.
कार्ड नको म्हणाला, घरात सापडेल कुणाला तरी.
तळहातावर लिहायला लागला
तर पेन उठेना.
दुसरं दिलं. तेही कोरडं.
तिसरं मी झटकलं, फुंकर मारली,
अर्जाच्या कोपऱ्यावर गिरवून बघितलं.
तो हात पसरून उभा.

रात्री अहवालात रकाना होता,
किती जणांशी संवाद साधला?
एकोणीस, मी लिहिलं.
विसाव्याच्या वेळी
मी नुसती पेनं झटकत होते.