आवक क्रमांक ६१२

भडगावहून पहाटेची एसटी.
मांडीवर पिशवी, पिशवीत मैदान:
आरक्षण क्रमांक चौदा, एक हेक्टर दहा आर,
लाल फितीत घडी घातलेलं.

"कथा चालनात आप्पा?" वाहक विचारतो.
"तारीख शे."
सात वर्षांत त्यानं दुसरा प्रश्न विचारलेला नाही.

कन्नडच्या घाटात पिशवी निसटते,
गुडघ्यांत धरून ठेवतो.
मुख्याधिकारी पाच बदलले. वकील दोन.
मी तोच, मगन बिऱ्हाडे, आवक-जावक.

खंडपीठात सगळं इंग्रजीत.
तरी सोळा जून मला कळतो.
श्रीपद्म डेव्हलपर्सचे वकील तो हलकेच उच्चारतात,
जसं घरी मयताचं नाव घ्यावं.
नोटीस त्या दिवशी पोचली. पालिकेनं मुदतीत काही केलं नाही.
सबब आरक्षण संपलं,
जमीन मूळ मालकाची,
म्हणजे त्यांची.

न्यायमूर्ती विचारतात, मधल्या काळात नोटीस होती कुठे?
आमचे वकील माझ्याकडे पाहतात,
मी पिशवीकडे.

दुसऱ्या खणात होती साहेब.
जन्मदाखल्याच्या कोऱ्या फॉर्मांखाली.
शिक्का मीच मारलेला, जांभळा, थोडा तिरका.
गिरणेचं आवर्तन लांबलेलं,
टेबलापुढे रिकाम्या हंड्यांचा मोर्चा,
एक बाई हंडा वाजवत होती
आणि मी म्हटलं, पाच मिनिटं इथं राहू दे.

त्या दिवाळीत श्रीपद्मचा मॅनेजर घरी आला.
काजूकतलीचा डबा.
"उपकार विसरणार नाही," म्हणाला.
मी कोणाचं काय केलं होतं?
डबा कपाटावर ठेवला, उघडला नाही.
मुंग्यांनी मात्र वाट काढली.

आदेश झाला: संबंधित लिपिकाचं शपथपत्र,
चार आठवड्यांत.

परतताना अंधार.
मैदानाच्या पत्र्यावर कोळशानं तीन स्टंप,
वर बारा मजल्यांचं चित्र,
आठव्या मजल्याला चेंडूचा पोचा.
तडव्यांचा सलीम ओरडतो, "आप्पा, बॉल!"
चेंडू माझ्या पायाशी.
पिशवी खाली ठेवावी लागते
तो उचलायला.

"काय व्हयनं?" मागून कोणीतरी.
"तारीख पडनी."

दोन-चार दिवसांत आदेशाची प्रत येईल.
शिक्का मीच मारीन, सरळ.
क्रमांक मीच देईन.
दुसरा खण आज निघण्याआधीच
मोकळा करून आलोय.
तळाशी एक टाचणी निघाली, गंजलेली,
ती तेवढी खिशात आहे.