खसखशीची चाल

तिसरा दिवस.
खसखस एक पाऊल टाकते, दुसरं उचलते
आणि उचलूनच धरते,
जसं कुणी विचारावं, हे कुठं ठेवू?
मग ठेवते. घाईनं. पुन्हा तेच.

कंपूतल्या आमच्या गच्चीवर
पौषातलं धुकं अकरापर्यंत हलत नाही.
मी दारात, मांडीवर राणी रंगाची साडी,
फॉल लावायच्या अजून अकरा,
शनिवारी दुकानात पोचवायच्या.
पण डोळा सुईवर कमी, कोंबडीवर जास्त.
दोनदा बोटात टोचून घेतलं.

कुशवाहा काकी भिंतीवरून म्हणाल्या,
बहू, नजर लगी है, मिर्ची उतार दो.
उतरवली. ठसका मलाच लागला.
अंडेवाला मुन्ने म्हणाला, अंडा अटका होगा.
म्हणून रेवाच्या जुन्या टबात
कोमट पाण्यात बसवली तिला.
ती बसली, डोळे मिटून,
लग्नघरी आलेल्या एखाद्या थोरल्या मावशीसारखी.
संध्याकाळी अंडं घातलं, रोजच्यासारखं,
आणि लंगडत निघून गेली.
जनावरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर फोनवर हसला.
मुर्गी? म्हणाला,
आणि घरी कांदे आहेत का विचारलं.
मी फोन ठेवला.

रेवा म्हणाली,
आई, ती आजोबांची नक्कल करते.

कुणी काही बोललं नाही.
मामंजी खाटेवर उन्हाची वाट बघत होते.
भाद्रपदात त्यांची उजवी बाजू गेली,
मग थोडी परत आली.
तेव्हापासून गच्चीत रोज वीस फेऱ्या,
काठी, पाय, थांबणं, पाय,
आणि मागे खसखस,
कारण त्यांच्या डाव्या खिशात बाजरी असते.
उजवं पाऊल ते असंच धरतात हवेत,
जागा शोधत.
मी कोंबडीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे,
आणि खरं सांगते, क्षणभर मलाही पटलं.
मामंजी हसले,
जेवढं तोंड हसतं तेवढ्यानं.
म्हणाले, शिकली की.

कोंबडी रात्री धरावी.
अंधारात तिला भांडता येत नाही.
थंडीत बंद ठेवलेल्या कूलरवर ती झोपते,
तिथून उचलली, पदरात गुंडाळली,
पाय तेवढा बाहेर.
मोबाइलचा उजेड मामंजींनी धरला, डाव्या हातानं.
उजेड हलत होता. मी काही म्हटलं नाही.

तळवा साफ. काटा नाही, फोड नाही.
मधलं बोट मात्र सुजलेलं, जांभळाच्या रंगाचं,
आणि बुडाशी, खवल्यांच्या आत रुतलेला
राणी रंगाचा दोरा.

माझा.
गाठ मारून दातानं तोडते
आणि थुंकते मी जिथं,
तिथंच ती दिवसभर दाणे शोधते.

नखाएवढी कात्री होती, तिचं टोकही जाड वाटलं.
सुईनं उचलला, सोडवला, एक वेढा, दुसरा, सहा निघाले.
सहाव्याला रक्त आलं.
खसखस ओरडली नाही,
पदराच्या आत तिचं काळीज
मशीनच्या चाकासारखं धावत होतं.
हळद लावली. हात धुतले. पुन्हा धुतले.

चार दिवस, दोरा नसतानाही,
ती पाऊल तसंच धरायची हवेत.
पाचव्या दिवशी विसरली.
मामंजी तेराव्या फेरीत होते,
ती त्यांना ओलांडून पुढे गेली,
थेट कठड्यापर्यंत,
मग वळून खिशाकडे बघत उभी राहिली.

आता दोऱ्याचे तुकडे मी डबीत टाकते, झाकणाच्या.

आणि त्या रात्री भांडी आवरून आले
तर मामंजी पलंगाच्या कडेला,
मोजा काढून, उजवा पाय पुढे करून बसलेले.
म्हणाले, बघ गं जरा,
माझ्या बोटाला आहे का काही?

मी मोबाइल आणला.
खाली बसले.
एकेक बोट बघितलं,
फटीफटीतून, नीट.