ओढ्याच्या साईडिंगला

दवाखान्याची गाडी एकवीस दिवस उभी होती
ओढ्याच्या साईडिंगला.
सात डबे, चाकांखाली लाकडी गुटके,
वाऱ्याला कांद्याचा वास.

आम्ही स्वयंसेवक. आमचे फोटो निघाले.
मी कात्र्या उकळायचे, मोजायचे,
भूल उतरताना पोरांचे हात धरायचे,
आणि रात्री निजायचे बिनघोर.
ती झोप कुणाच्या जिवावर,
हे सुचायला मला अठरा दिवस लागले.

भाऊराव निरगुडे, रात्रपाळी.
निळा गणवेश, वर बायकोने विणलेली कानटोपी,
गळ्यात शिट्टी. कधी वाजवली नाही.
"आत माणसं निजलीत, बाई."

दिवसा शेवंता गावित, सुरगाण्याकडची.
पाड्यावरच्या बाया तिच्याशीच बोलायच्या
आजार, आणि आजाराखालचं दुसरं काही.
संक्रांतीत पतंग तारेला अडकला,
पोरगं डब्याच्या शिडीला लोंबकळलं,
वर पंचवीस हजारांचा करंट.
तिने कमरेला धरून ओढलं, एक थोबाडीत दिली,
संध्याकाळी नवा पतंग दिला.

पहाटे शेजारच्या रुळावर मालगाडी यायची.
त्याआधी निरगुडे बॅटरी घेऊन
वाकायचे सातही डब्यांखाली.
थंडीचे नातेवाईक तिथं निजायचे.
उठवताना आधी पायाला हात लावायचे,
दचकून कुणाचं डोकं लोखंडाला लागू नये म्हणून.

त्यांच्या वहीत चार रकाने : नाव, गाव, वेळ, कारण.
रात्री दोनला आलेल्या एका बापापुढे
कारण लिहिलंय, "नुसतं बघायला."
सोडला होता. खिडकीपर्यंत. सोबत जाऊन.

शेवटी शाली झाल्या, नारळ झाले, नावं वाचली.
हे दोघं दोर धरून, आमच्याकडे पाठ करून.
राखणाऱ्याचं तोंड बाहेरच असतं.

त्या रात्री म्हटलं, भाऊराव, आत या, बघा तरी.
त्यांनी बूट काढले, पायरीशी जोडून ठेवले,
दारातूनच पाहिलं ते टेबल, तो मोठा दिवा.
"एवढा उजेड लागतो होय?"
आणि परत बूट. फाटकावर कुणी नव्हतं.

सकाळी गुटके निघाले, इंजिन लागलं.
मी वही मागून घेतली.
नाव लिहिलं. गाव. वेळ.
कारणापाशी पेन अडलं,
गार्डाने हिरवा दाखवला तरी अडलेलंच.
मग घाईत लिहिलं :
झोप लागली.