ढवळायचं राहिलेलं

रात्री पावणेतीनला जाळं वर आलं,
लोखंडी कड्यांचं, पाणी निथळणारं.
डेकवर ओतले काळे दगड
आणि ते फुटू लागले, आपोआप,
कढईत लाह्या तडतडाव्यात तसे.

झुल्मिरा म्हणाली, थांबा, हात नका लावू.
साडेतीन हजार मीटर पाण्याखाली
कोंडलेला श्वास आहे त्यांचा.
सोडू दे.

ओर्ता बंदर सुटून अकरा दिवस झालेले.
इतक्या दिवसांत पहिल्यांदाच
आम्ही सगळे एकदम गप्प.

मग तिनं चिमट्यानं कडेची काच सोलली,
नखाएवढी, काकवीच्या रंगाची.
लाव्हा पाण्यात शिरताच गोठला,
स्फटिक व्हायलाही सवड नाही;
जे पोटात होतं ते तसंच ओठावर राहिलं.

मी लेबल लिहिलं : एकेचाळीस.
चाळीस नंबर परवाचा, इथून बारा मैलांवरचा.
तीच डोंगररांग, तीच भेग,
शेजारी ठेवले तर आई चुकेल असे जुळे.
पण गेल्या सफरीचे आकडे
तिनं फ्रिजच्या दारावर चिकटवलेत :
दशांशानंतर चौथ्या घरात
स्ट्रॉन्शियम भांडतं.

कॉफी घेऊन आलेल्या देओदातूनं ते वाचलं.
एकाच चुलीवरचं ना सगळं?
मग चव वेगळी कशी?

ती सांगू लागली :
कधीकाळी बुडालेले समुद्रतळ,
खाली खाली जात राहिलेले,
अब्जभर वर्षांतही न विरघळलेले...
शब्द सापडेना, तिनं हवेतच चमचा फिरवला.

देओदातू फुर्नाशचा.
म्हणाला, आमची आई तळ्याकाठी
तापल्या जमिनीत पातेलं पुरायची.
तळाशी मांस, मध्ये सुरण, वर कोबी,
फडक्यानं बांधून, वर माती.
सहा तास. ढवळायचं कुणी?
डाव या कडेला गेला तर कोबी,
त्या कडेला गेला तर रक्ताचं सॉसेज.
धाकटा रडायचा, मला कोबीच का.
पातेली दोन आहेत असं
त्यालाही कधी वाटलं नाही.

झुल्मिराचं पेन थांबलं.
कागद अर्धाच भरलेला.
बाहेर पाणी, काळं, सगळीकडे सारखंच दिसणारं.

पहाटे, पिशवीत बांधून ठेवलेला
एकेचाळीस-ब
आणखी एकदा फुटला,
उशिरा काहीतरी आठवल्यासारखा.

मी वेळ टिपून ठेवली : पाच दहा.